पिलाटेस शिकवणारीचा एक दिवस

पहाटे ५.३०

पुण्याच्या कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर माझा स्टुडिओ आहे. कुलूप काढलं की आधी खिडक्या उघडायच्या, मग स्प्रिंगा बघायच्या. पिलाटेसचं जे मोठं यंत्र फोटोत दिसतं त्याला रिफॉर्मर म्हणतात. सात-आठ फूट लांबीची चौकट, तिच्यात रुळांवर पुढे-मागे सरकणारी गादीची बैठक, पायाशी आडवा दांडा, हातापायांत अडकवायला दोन पट्टे आणि बैठकीला खालून जोडलेल्या चार-पाच स्प्रिंगा. इथे वजनं नसतात. सगळा भार या स्प्रिंगांच्या ताणाचा. म्हणून एकेक स्प्रिंग हाताने ताणून सोडायची, हूक झिजलाय का ते पाहायचं, पावसाळ्यात गंजावर बारीक नजर ठेवायची. स्प्रिंग सैल असताना तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत. मध्ये कुठे फट दिसली तर ती स्प्रिंग थकली, ती त्याच क्षणी काढून ठेवायची. उत्पादक साधारण दोन वर्षांनी त्या बदलायलाच सांगतात. ताणलेली स्प्रिंग निसटली तर आडवा झालेला माणूस जखमी होतो, त्यामुळे या बाबतीत मी कुणाचंही ‘चालतंय की’ ऐकून घेत नाही.

रूळ कोरड्या फडक्याने पुसून होईपर्यंत बाहेर चपलांचे आवाज यायला लागतात.

६.३०

ही चटईवरची तुकडी. बहुतेकजण हिंजवडीला जाणारे, बस पकडायच्या आधी येणारे. चटईवर यंत्र नसतं, आपलंच शरीर आणि जमीन. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात इथूनच व्हावी. यंत्र आधार देतं. चटईवर तो आधार आपला आपल्याला शोधावा लागतो.

पहिली दहा मिनिटं फक्त श्वास. उताणं झोपायचं, गुडघे वाकवून पावलं जमिनीवर, हात बरगड्यांवर. पुण्यात अर्ध्याअधिक लोकांनी कधी ना कधी योगवर्ग केलेला असतो, त्यामुळे श्वास घेताना पोट फुगवायची त्यांना सवय असते. इथे ओटीपोट हलकं आत धरलेलं राहतं आणि श्वास बरगड्यांच्या बाजूंना, पाठीकडे न्यायचा असतो. छत्री उघडावी तशा बरगड्या चहूबाजूंनी फुलल्या पाहिजेत. असं का, तर पुढच्या प्रत्येक व्यायामात पोटाच्या स्नायूंना कण्याचा आधार म्हणून काम करायचं आहे. ते कामाला लागलेले असतानाही श्वास अडकता कामा नये.

मग ‘हंड्रेड’. ही पद्धत घडवणाऱ्या जोसेफ पिलाटेसच्या मूळ क्रमातला हा पहिलाच व्यायाम. उताण्या स्थितीत डोकं आणि खांदे उचलायचे, पाय लांब करून जमिनीपासून थोडे वर, हात शरीराच्या बाजूला सरळ. हात छोट्या झोक्याने वर-खाली हलवत राहायचे. पाच झोक्यांत श्वास आत, पाच झोक्यांत बाहेर, असे दहा श्वास. एकूण शंभर. ऐकायला सोपं वाटतं. करताना दुसऱ्या-तिसऱ्या श्वासालाच मान ताठरते, कंबर जमिनीवरून सुटते आणि पोट आत जाण्याऐवजी वर फुगून येतं. हे फुगलेलं पोट मला लांबून दिसतं. मी जवळ जाऊन सांगते, ‘डोकं खाली टेका. गुडघे वाकवा. आता पुन्हा.’ पाय वाकवले की कमरेवरचा भार कमी होतो आणि पोटाला आपलं काम सापडतं.

तिशीतला एक मुलगा आज म्हणाला, ‘मॅडम, घाम नाही आला तर व्यायाम झाल्यासारखं वाटतच नाही.’ त्याला मी दोष देत नाही. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, आपल्याकडे व्यायाम आकड्यांत मोजायची जुनी रीत आहे आणि तिच्यातून भक्कम माणसं घडली आहेत. पिलाटेसची वाट वेगळी. जोसेफच्या १९४५ च्या पुस्तकात चटईवरचे ३४ व्यायाम आहेत आणि त्यातल्या बहुतेकांची आवर्तनं मोजकी. पाच वेळा करा, पण पाचही वेळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत लक्ष देऊन करा, एवढीच त्याची अट. त्या मुलाला मी ‘रोल अप’ करायला लावलं. उताण्या स्थितीतून हात पुढे नेत, एकेक मणका जमिनीवरून सोडवत उठून बसायचं आणि तसंच एकेक मणका टेकवत परत झोपायचं. झटका द्यायचा नाही, पाय उडवायचे नाहीत. त्याचे तीन झाले. चौथ्याला तो मध्येच अडकला आणि कपाळावर घाम आला.

जोसेफ पिलाटेस जन्मला १८८३ मध्ये, जर्मनीतल्या मन्शनग्लाडबाख गावी. लहानपणी त्याला दमा होता, मुडदूस होता, संधिवाताचा ताप येऊन गेला होता. अशा मुलाने पुढे श्वासाला आणि कण्याला एवढं महत्त्व दिलं यात मला काही नवल वाटत नाही.

८.००

एकट्या-दुकट्याचे तास सुरू. आज एक गृहस्थ पहिल्यांदाच आले, वय चाळिशीच्या अलीकडे, हातात एमआरआयची मोठी पिशवी. बसायच्या आधीच म्हणाले, ‘मॅडम, माझ्या मणक्यात गॅप आहे. वाकू नका म्हणून सांगितलंय सगळ्यांनी.’

आमच्याकडे येणाऱ्यांतला हा नेहमीचा माणूस. मी पिशवी बाजूला ठेवली आणि आधी विचारायचं ते विचारलं. पाय बधिर होतो का? पायातली ताकद कमी झाल्यासारखी वाटते का? लघवी-संडासवरचा ताबा कधी गेला होता का? रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन उतरणं? यातल्या एकालाही ‘हो’ आलं तर तास घेत नाही, डॉक्टरांकडे पाठवते. त्यांची सगळी उत्तरं ‘नाही’ होती. त्यांच्या डॉक्टरांनीही व्यायामाला परवानगी लिहून दिली होती.

मग त्यांना एक गोष्ट सांगितली. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक मोठा आढावा निघाला होता. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांमध्येही मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली आणि ऐंशीच्या वयात हेच प्रमाण ८४ टक्के होतं. म्हणजे फोटोत काहीतरी दिसणं आणि दुखणं या दोन गोष्टी दर वेळी हातात हात घालून येत नाहीत. हे ऐकताना त्यांच्या खांद्यांचा ताण उतरलेला मला दिसला. भीतीने माणूस आखडतो, आखडला की हलणं टाळतो, आणि न हलणारी कंबर आणखी दुखते. हे चक्र तोडायचं तर वाकायला घाबरणाऱ्या माणसाला आधी सुरक्षित हालचाल अनुभवायला मिळाली पाहिजे.

रिफॉर्मर इथे खरा उपयोगी पडतो. त्यांना बैठकीवर उताणं झोपवलं, पावलं दांड्यावर ठेवली, स्प्रिंगा जोडल्या आणि म्हटलं, ‘दांडा ढकला, बैठक लांब जाऊ द्या. आता परत येताना स्प्रिंगला तुम्हाला ओढू देऊ नका, तुम्ही तिला सावकाश मिटवत आणा.’ झोपलेल्या स्थितीत कण्यावर शरीराचा उभा भार नसतो, पाठीला गादीचा आधार असतो आणि तरी मांड्या, नितंब, पोट पूर्ण कामात असतात. पहिल्या फेऱ्यांत बैठक परत येताना धाडकन आपटत होती. थोड्या वेळाने आवाज बंद झाला. मला याच बदलाची वाट पाहायची असते. स्नायू आखडताना ताकद लावणं बहुतेकांना येतं. भार अंगावर घेत स्नायू हळूहळू सैल सोडणं शिकावं लागतं. जिना उतरताना, बाळाला पाळण्यात ठेवताना, भरलेली बादली खाली टेकवताना हीच ताकद लागते.

शेवटची दहा मिनिटं बादलीचीच. माझ्याकडे एक प्लॅस्टिकची बादली मुद्दाम ठेवलेली आहे. पाठ लांब, वाक खुब्यातून, गुडघे थोडे सैल, उचलताना श्वास बाहेर. त्यांनी अर्धी भरलेली बादली चार वेळा उचलली.

जाताना त्यांनी विचारलं, ‘म्हणजे याने बरं होईल ना?’ मी जे माहीत आहे ते सांगितलं. कंबरदुखी आणि पिलाटेस यावर कॉक्रेन या संस्थेचा २०१५ चा आढावा आहे, १० चाचण्या, ५१० माणसं. फारसं काही न करण्यापेक्षा पिलाटेसने दुखणं आणि अडचण कमी होते, असं त्यातून दिसतं. मात्र इतर चांगल्या व्यायामापेक्षा ते सरस आहे, असं सिद्ध होत नाही. म्हणून जो व्यायाम तुम्ही आनंदाने, नियमित कराल तो तुमचा. पिलाटेस आवडलं तर या, पोहणं आवडलं तर पोहा. एवढं खरं बोलून माझे काही लोक कमी होत असतील तर होऊ देत.

९.३०

चहा आणि डब्यातले पोहे. फोनवर उद्याच्या वेळा बदलून हव्या असलेल्यांचे निरोप.

१०.३०

काकू आल्या. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीला टेकलेलं, हाडं ठिसूळ झाल्याचं डेक्सा तपासणीत निघालेलं. त्या येतात तेव्हा मी सकाळचे निम्मे व्यायाम बाजूला ठेवते. मघाचा ‘रोल अप’ त्यांना पूर्ण वर्ज्य. चेंडू होऊन पाठीवर मागे-पुढे लोळायचा व्यायामही वर्ज्य. ठिसूळ कणा पुढे वाकवून त्यावर भार दिला की मणका पुढच्या बाजूने दबून चेपला जाऊ शकतो. मेयो क्लिनिकने १९८४ मध्ये हाडं ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रियांवरचं एक काम प्रसिद्ध केलं होतं. पुढे वाकायचे व्यायाम दिलेल्या गटात ८९ टक्के जणींच्या मणक्यांना नवी इजा झाली, मागे ताणायचे व्यायाम दिलेल्या गटात १६ टक्के जणींच्या. गट लहान होते, तरी हे आकडे मी विसरू शकत नाही. सगळ्यांना एकच यादी देणाऱ्या वर्गात अशा बाईने जाणं धोक्याचं आहे, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

मग काकू काय करतात? पालथं झोपून हात बाजूला, छाती जमिनीवरून अगदी थोडी उचलायची. हनुवटी वर करायची नाही, नजर चटईवर, मान लांब. दोन खांद्यांच्या मधली पाठ काम करते. मग कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं. मग भिंतीशी उभं राहून एका पायावर तोल सांभाळणं, कारण ठिसूळ हाडाचा मोठा वैरी म्हणजे पडणं.

‘अगं, माझ्या आईला पोक आला होता,’ काकू पालथ्या पडल्या पडल्या म्हणाल्या. ‘आम्हाला वाटायचं, म्हातारपणी असंच होतं.’

‘काकू, बोलताना श्वास धरताय. सोडा.’

‘सोडते गं बाई.’

आज त्यांनी छाती उचलून धरली आणि तीन श्वास सलग घेतले. आल्या तेव्हा एका श्वासातच खाली यायच्या. त्यांच्या नातवाला त्या आता परत सायकल शिकवायला खाली उतरतात, तेही त्यांनी सांगितलं. औषध आणि कॅल्शियम त्यांच्या डॉक्टरांचं चालू आहेच. व्यायाम त्याची जागा घेत नाही.

१२.००

पाच महिन्यांचं बाळ, त्याची आई आणि तिची आई. बाळ आजीच्या मांडीवर. आजी मला म्हणाल्या, ‘हिने पोट बांधून घेतलं नाही, म्हणून सुटलंय.’ लेक अवघडली. मी आजींच्या शेजारी बसले. शेकशेगडी, मालीश, पोटपट्टा यांतून बाळंतिणीला मिळणारा आराम आणि आधार खरा आहे. मी तो कुणाकडून हिरावून घेत नाही. पण पट्टा सोडल्यावर आतल्या स्नायूंनीच काम करायचं असतं आणि त्यांना ते पुन्हा शिकवावं लागतं, एवढं त्यांना सांगितलं. त्यांना पटलं.

लेकीला उताणं झोपवून डोकं किंचित उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर-खाली मधल्या रेषेवर बोटं ठेवून पाहिलं. गरोदरपणात पोटाच्या उभ्या स्नायूंच्या दोन पट्ट्या एकमेकींपासून दूर होतात. कितीतरी जणींत ते अंतर आपोआप कमी होतं, काहींत राहतं. हिच्या पोटावर दोन बोटांहून जास्त जागा होती आणि डोकं उचलताच मध्ये उंचवटा येत होता. तो येतोय तोवर ‘हंड्रेड’ नाही, सिट-अप्सही नाहीत. आधी श्वास. श्वास सोडताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत-वर ओढायचे, श्वास घेताना पूर्ण सैल करायचे. सैल करणंही तितकंच महत्त्वाचं.

बाळाला घेऊन आजी बाहेर गेल्यावर तिने हळूच सांगितलं की शिंकताना थेंब थेंब लघवी होते. दर दुसरी-तिसरी बाळंतीण मला हे असंच, दार लोटल्यावर सांगते. बाळंतपणानंतर असं होणं नेहमीचं आहे. त्यावर व्यायाम आहेत आणि ते उपयोगी पडतात. कमी झालं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. लाज वाटून गप्प बसू नका, हे इथे लिहिते आहे ते अशाच एखादीच्या नजरेस पडावं म्हणून.

दुपारी २.००

जेवण, मग नोंदी. कुणाला कोणत्या स्प्रिंगा, काय वर्ज्य, काय दुखलं. वही बंद करून अर्धा तास पाठ टेकते.

४.००

भरतनाट्यम शिकणारी मुलगी. गुडघा दुखतोय. तिच्या गुरूंनीच पाठवली आहे. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीत, बसून दाखवायला सांगितलं. पावलं बाहेर छान वळलेली, पण गुडघे आत येत होते. वळण खुब्यातून निघायला हवं. ते तिथे कमी पडलं की नर्तकी पावलाने ते भरून काढते आणि मध्ये गुडघा पिळला जातो. रिफॉर्मरवर उताणी झोपवून पावलं पट्ट्यांत अडकवली आणि पायांची वर्तुळं सुरू केली. पाय फिरतात, कंबर हलत नाही.

‘ताई, हे जड जातंय. एक स्प्रिंग काढू या?’

काढली. आता पाय आधाराविना डुलायला लागले आणि वर्तुळं वेडीवाकडी झाली. नव्याने येणाऱ्याला वाटतं, स्प्रिंग कमी म्हणजे सोपं. स्प्रिंग पायांना धरूनही ठेवत असते. ती काढली की हालचाल एकट्या तुमच्या ताब्यात येते. तिला हे लगेच कळलं, आणि ती आपणहून त्याच हलक्या स्प्रिंगवर थांबली.

नर्तकांचं आणि पिलाटेसचं नातं जुनं आहे. पहिल्या महायुद्धात जोसेफ पिलाटेस इंग्लंडमध्ये होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला आइल ऑफ मॅन बेटावरच्या नॉकालो छावणीत स्थानबद्ध केलं गेलं. तिथल्या आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा जोडून त्याने व्यायाम करवले, ही गोष्ट आमच्या प्रशिक्षणात प्रत्येकजण ऐकतो. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला आणि आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर आपल्या जोडीदार क्लाराबरोबर त्याने स्टुडिओ थाटला. आपल्या पद्धतीला तो ‘कंट्रॉलॉजी’ म्हणायचा. आसपास नृत्यशाळा होत्या. नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्चीन आणि मार्था ग्रॅहम यांनी आपले जायबंदी नर्तक त्याच्याकडे पाठवले. ग्रॅहमच्या मंडळीतला रॉन फ्लेचर गुडघ्याच्या दुखण्यानेच तिथे पोचला आणि पुढे स्वतः नावाजलेला शिक्षक झाला. ही हकिकत मी त्या मुलीला सांगितली तेव्हा ती गुडघ्याला बर्फ लावून बसली होती. ‘म्हणजे नाच थांबणार नाही ना?’ एवढंच तिने विचारलं. थांबणार नाही. काही आठवडे अरमंडी थोडी उंच ठेवायची, एवढंच.

जोसेफ १९६७ मध्ये वारला. क्लाराने स्टुडिओ पुढे चालवला. तिच्याकडे शिकलेले लोक तिच्या संयमाबद्दल फार आदराने बोलत. शिकवण्याच्या बाबतीत माझा ओढा तिच्याकडे जास्त आहे.

६.००

चौकशीला येणाऱ्यांची वेळ. प्रश्न ठरलेले. वजन कमी होईल का? थोडं, आहार सांभाळलात तर. निव्वळ वजनासाठी पिलाटेस निवडू नका. आठवड्याला दीडशे मिनिटं दम लागेल असं चालणं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते पिलाटेसने भरून निघत नाही. वेताळ टेकडी, तळजाई जवळ आहेत, तिथे जा आणि आठवड्यातून दोनदा इथे या. योगासनांपेक्षा हे चांगलं का? मी अशी तुलना करत नाही. दोरी, पट्टे, लाकडी विटा घेऊन शरीराला आधार देता येतो, हे पुण्याला बी. के. एस. अय्यंगारांनी केव्हाच दाखवून दिलं आहे. योगात अनेक आसनांत स्थिर राहायचं असतं, इथे सतत हालतं राहून ताबा ठेवायचा असतो. ज्याला जे रुचेल ते त्याने करावं. फायदा कधी दिसेल? बसण्या-उठण्यातला फरक काही आठवड्यांत जाणवतो, ताकदीला महिने लागतात.

फीचं ऐकून कॉलेजातली एक मुलगी परत निघाली होती. यंत्रं महाग, जागा महाग, त्यामुळे रिफॉर्मरचा तास महाग पडतोच. तिला मी चटईच्या तुकडीत यायला सांगितलं. पिलाटेसच्या पुस्तकातले ३४ व्यायाम चटईवरचेच आहेत.

७.३०

शेवटची तुकडी गेली की मी स्वतः वीस-पंचवीस मिनिटं चटईवर असते. नंतर झाडलोट आणि कुलूप.

वाचणाऱ्यांना एक सांगायचं आहे. पिलाटेस हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निकाल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००० मध्ये दिला. त्यामुळे ही पद्धत जगभर पसरली, पण त्यामुळेच आज कुणीही यंत्र आणून पाटी लावू शकतो. जाण्याआधी शिक्षकाला विचारा, कुठे शिकलात, किती काळ, कुणाच्या देखरेखीखाली. एक तास नुसता बसून बघा. आणि तुमची जुनी दुखणी, ऑपरेशनं, औषधं, बाळंतपणं यांची चौकशी न करता पहिल्याच दिवशी कुणी तुम्हाला रिफॉर्मरवर चढवलं, तर तिथून उठून या.